आईच्या पिंपातला खोटा डास

त्या फिल्ममध्ये माझी आई फार तर दहा सेकंद दिसते. मोहन्यातल्या चाळीत घरासमोरच्या ओट्यावर बसलेली, अंगावर विटकी साडी, बाजूला निळं प्लास्टिकचं पिंप आणि पिंपात काळपट पाणी. त्या पाण्यातून एक डास वर येतो. कार्टूनमधला, मिशीवाला, गॉगल घातलेला. आईच्या डोक्याभोवती दोन चकरा मारतो आणि दादा लोकांच्या आवाजात म्हणतो, "वा मावशी, काय झकास घर ठेवलंय माझ्यासाठी!" इथे लोक हसतात. मी ती फिल्म कितीतरी वेळा बघितलीय, कारण ती दाखवणं हा आता माझ्या नोकरीचा भाग आहे. लोक दरवेळी त्याच जागी हसतात आणि दरवेळी माझं डोकं भणभणतं.

माझी नोकरी म्हणजे डास शोधणं. आरोग्य खात्यात ठेक्यावर आहे, बारा वर्षं झाली. घरोघरी जायचं, पिंपं, टाक्या, कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा ट्रे, सगळीकडे टॉर्च मारून बघायचं. पाण्यात अळ्या दिसल्या की ते ओतून द्यायला लावायचं, ओतण्यासारखं नसेल तर औषध टाकायचं. मग दारावर खडूने तारीख लिहायची आणि पुढच्या दारावर टकटक. उन्हापावसात रोज हेच. लोकांना वाटतं आम्ही धूर सोडणारे. धूर सोडणारे वेगळे. आम्ही त्यांच्या आधी येतो. आम्हाला लोकांनी नीट काम करू दिलं, तर धुराची वेळ फारशी येत नाही.

फिल्म काढायची ठरवली ती ठाण्यातल्या एका संस्थेने. डेंग्यूवर जनजागृती. त्यांचा दिग्दर्शक आमच्या ऑफिसात आला आणि म्हणाला, खरीखुरी चाळ हवी, सेट नको. नौपाड्यात वाढलेला, तिशीतला मुलगा, बोलायला मऊ. आमच्या साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी म्हणाले, "माझ्या आईच्या चाळीत या." हे मी म्हणाले. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मला वाटलं, आईला गंमत वाटेल. शिवाय आईचं घर म्हणजे माझ्या कामाचा नमुना होता. नळाला तासभर पाणी येतं, म्हणून पिंप भरून ठेवावंच लागतं, पण त्यावर जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधलेलं. दर रविवारी पिंप रिकामं करून आतून घासून, उपडं घालून वाळवायचं. हे मी तिला शिकवलं नाही. मी नोकरीला लागायच्या आधीपासून ती करत होती. मला मनापासून वाटलं, की हे दाखवतील. बघा, एका खोलीत राहणारी बाई किती नीट पाणी साठवते, असं.

शूटिंगच्या दिवशी आई पहाटेपासून कामाला लागलेली. फरशी पुसली, भांडी घासून मांडणीवर उतरत्या क्रमाने लावली, पांढरी निळ्या काठाची साडी नेसली. ती साडी ती फक्त विहारात जाताना नेसते. दिग्दर्शक आला, वाकून नमस्कार केला, आणि म्हणाला, "आजी, साडी छान आहे हो. पण शूटिंगला नको. घरात नेसायची एखादी जुनी आहे का?"

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नेस गं, कॅमेऱ्यात पांढरं चकाकत असेल." मीच म्हटलं.

मग त्याने खोलीत नजर फिरवली. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो होता, हार घातलेला. तो म्हणाला, "हा थोडा वेळ उतरवू या का? उगाच कोणाला वाटायला नको की आम्ही कुठल्या एका समाजाबद्दल बोलतोय." अगदी अदबीने म्हणाला. मला त्या वेळी ते बरोबरही वाटलं. नंतर विचार करताना लक्षात आलं, की जे घाणेरडं घर दाखवायचं होतं त्यात हा फोटो दिसला तर लाज वाटेल, हे त्याला आधीच कळलेलं. आईने स्वतः स्टुलावर चढून फोटो उतरवला आणि पदराने पुसून कपाटात ठेवला.

मग पिंप. त्याने फडकं सोडलं, आत बघितलं. तळापर्यंत दिसत होतं.

"पाणी फारच स्वच्छ आहे हो, मॅडम."

"असणारच," मी म्हणाले. "आणि डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. गटारात नाही."

"हो, ते मी वाचलं. पण व्हिज्युअली काहीतरी लागेल ना." त्याने मागे वळून कोणाला तरी सांगितलं, आणि एका मुलीने पातेलंभर चहाचा काढा आणून आईच्या पिंपात ओतला. वर काहीतरी काळं ओतलं, शाई असावी. आई ओट्यावर बसून बघत होती. तिचा हात एकदम पुढे आला आणि थांबला.

मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पाण्याचं तर बोललेच होते. दुसरं, हा डास दिवसा चावतो, सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. तुमच्या कागदावर रात्र लिहिलीय. तो म्हणाला, "दिवसाउजेडी भीती वाटत नाही प्रेक्षकाला." तिसरं, चावते ती मादी. नराला रक्त लागतच नाही, तुमचा मिशीवाला दादा कोणालाच चावू शकत नाही. त्यावर तो खरंच काळजीने म्हणाला, "बाई दाखवली तर लोक म्हणतील, बायकांचा अपमान केला." आणि समोर माझ्या आईला विटकी साडी नेसवून बसवलेलं.

मी गप्प बसले. मला ते आठवलं की अजून स्वतःचा राग येतो. पण खरं सांगायचं तर मलाही वाटलं, सिनेमा आहे, सिनेमात असंच असतं. लहानपणापासून आम्ही काय बघितलं? सिनेमातला डास म्हणजे विनोद. कॉमेडीवाला स्वतःच्याच गालावर चापट मारतो, मग शेजाऱ्याच्या, मग हवालदाराच्या. लॉकअपमध्ये हिरो बसलेला दाखवायचा असेल, की आधी डासाची गुणगुण. नाहीतर केबलवर लागणारे हिंदीत डब केलेले इंग्रजी सिनेमे, त्यात डास कावळ्याएवढा. आम्ही बहिणी चादरीखाली ओरडायचो. ताप म्हणजे हिरॉइनच्या कपाळावर पांढरी पट्टी आणि बाजूला कोणीतरी जागत बसलेलं. हाडं फुटल्यासारखी दुखतात, डोळे वळवता येत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं, हे कुठल्याच सिनेमात नव्हतं. खरा डास, पायांवर पांढरे पट्टे असलेला, इवलासा, आवाज न करता घोट्याला चावून जाणारा, तो तर मी नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा बघितला.

शूटिंग झाल्यावर त्यांनी आईला पेढ्यांचा बॉक्स दिला. आईने पिंप तीनदा साबणाने धुतलं, मग चाळीत सगळ्यांना पेढे वाटले. "माझं शूटिंग झालं," असं प्रत्येक दारात सांगत होती.

फिल्म पहिल्यांदा दाखवली ती नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये. मी आईला आणि धाकट्या बहिणीला घेऊन गेलेले. आई पुन्हा तीच पांढरी साडी नेसून आली होती. तिसऱ्या रांगेत बसलो. ते दृश्य आलं, डास बोलला, हॉल हसला. आईपण एक क्षण हसली, सगळे हसतात म्हणून. मग पडद्यावर त्याच पिंपातून डासांची झुंड निघून एका मोठ्या बिल्डिंगच्या खिडकीत शिरली, आणि आत एक गोरी गोबरी मुलगी तापाने फणफणलेली. ते आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. पिंप आमच्या चाळीतलं आणि ताप टॉवरमधल्या मुलीला.

कार्यक्रम संपल्यावर पुढच्या रांगेतल्या एक बाई मागे वळून म्हणाल्या, "अय्या, तुम्हीच ना त्या डासवाल्या आजी! किती नॅचरल केलंत!" त्या प्रेमानेच म्हणाल्या. आईने हात जोडले. आम्ही ट्रेनने कल्याणला आलो. स्टेशनबाहेर रिक्षात बसल्यावर म्हणाली, "माझं घर असं दिसतं का गं?"

"नाही गं आई. सिनेमा आहे तो. खोटं असतं सगळं."

बहीण चिडली होती. "मग खोटं त्यांच्या घरी जाऊन करायचं ना!" ती म्हणाली. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. मी तिलाच गप्प केलं.

बहीण आईबरोबरच राहते. सकाळी शेअर रिक्षाने शहाडच्या पुलापलीकडे जायची, तिथल्या एका टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर स्वयंपाकाला होती. सातला जायची, अकराला निघायची. तो टॉवर माझ्याच भागात येतो. तिने मला आधीच सांगून ठेवलेलं, "तू तपासणीला आलीस तर मला ओळख दाखवू नकोस. बाई उगाच विचारत बसेल." कशाबद्दल विचारत बसेल, ते मीही विचारलं नाही.

पावसाळ्याच्या मध्यावर मी त्या मजल्यावर पोचले. बेल वाजवली. मालकीणबाईंनी दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"ताई, पाणीसाठे तपासायचेत. पाच मिनिटं लागतील."

"आमच्याकडे कशाला? आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं. ग्रुपवर फिल्म आली होती ना तुमची, बघितली आम्ही. तिकडे चाळीत जा ना आधी."

दाराच्या फटीतून आतला स्वयंपाकघराचा कोपरा दिसत होता. माझी बहीण पोळ्या लाटत होती. तिचं लाटणं थांबलं. तिने मान वर केली नाही, मीही तिच्याकडे बघितलं नाही. मी म्हणाले, "सगळ्यांकडेच बघतो ताई, नियम आहे." बाई म्हणाल्या, "आत्ता वेळ नाही," आणि दार लावलं. मी रजिस्टरमध्ये 'नकार' असं लिहिलं आणि शेजारचं दार वाजवलं. पुन्हा जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. तसा नियमही आहे. मी गेले नाही. त्या दारात परत उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं.

दोनेक आठवड्यांनी बहिणीला ताप भरला. पहिल्या दिवशी वाटलं पावसात भिजली असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, डोळ्यांच्या मागे कोणी बोटं खुपसतंय असं वाटतंय. मी तिला तशीच उचलून रक्त तपासायला नेलं. डेंग्यू. चौथ्या दिवशी प्लेटलेट्स घसरल्या, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त आलं, आणि आम्ही तिला कल्याणमधल्या हॉस्पिटलात भरती केलं. हाताला सलाइन लावून ती पडलेली आणि तिचा फोन सारखा वाजत होता. मी उचलला. त्याच बाई होत्या.

"कुठल्या चाळीत राहते ती? सोसायटीत सांगायचंय. सगळे घाबरलेत. हिने आणलं ना वर."

"काय आणलं?"

"डेंग्यू! आता सगळ्या कामवाल्या बायकांची तपासणी केल्याशिवाय गेटमधून सोडायचं नाही, असं ठरलंय."

"डेंग्यू माणसाच्या श्वासातून नाही येत, बाई. डास चावावा लागतो."

"तेच तर. तिकडचेच डास ना," त्या म्हणाल्या.

मी फोन कापला. मी वॉर्डबाहेर आले, तर आई कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर बसलेली. आत येतच नव्हती. चाळीतल्या शेजारणीने मला सांगितलं होतं, की आईने तीन दिवस पिंप भरलेलंच नाही, रिकामं करून बाहेर टाकून दिलंय. नळ आला की कळशीभर पाणी घ्यायची आणि दुपारी संपलं की तशीच बसायची.

मी तिच्याजवळ बसले. ती हळूच म्हणाली, "माझ्याच पिंपामुळे झालं का गं?"

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. "आई, तुझ्या पिंपात काही नव्हतं. तो चहा होता. त्यांनी ओतला, तुझ्यासमोर ओतला."

"हो. बघितलं मी."

"मग?"

"पण डास त्यातूनच निघाला ना सिनेमात," ती म्हणाली. "एवढ्या लोकांनी बघितलं."

आयुष्यभर घर घासूनपुसून ठेवलेली बाई. स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तिला खरं वाटेना, आणि पडद्यावरचं खरं वाटायला लागलं. मला त्या क्षणी एवढा राग आला, की बसवेना. डासाचा नाही. डास काय, त्याला पोट आहे. मला त्या मऊ बोलणाऱ्या मुलाचा राग आला, साखळीच्या फटीतून बोलणाऱ्या बाईचा आला, आणि 'नेस गं' म्हणणाऱ्या माझा तर सगळ्यात जास्त.

मी साहेबांना फोन केला. म्हटलं, रुग्ण जिथे काम करते तिथे तपासणी करायचीय, आणि तुम्ही स्वतः बरोबर या. साहेब निवृत्तीला आलेले, भांडण टाळणारे. पण माझा आवाज ऐकून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सातव्या मजल्यावर. या वेळी सोसायटीचे सेक्रेटरीही होते, त्यामुळे दार उघडलं गेलं.

बहिणीने मला आधीच सांगितलं होतं कुठे बघायचं. हॉलच्या खिडकीत काचेच्या बाटल्या होत्या, रंगीत दोऱ्याने सजवलेल्या, प्रत्येकीत मनी प्लांटची वेल. सुंदर दिसत होत्या, खोटं कशाला बोलू. मी एक उचलली आणि माझ्या पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी ओतलं. अळ्याच अळ्या. वळवळत होत्या. दुसरी बाटली, तशीच. तिसरीत नव्हत्या. चौथीत कोषसुद्धा होते, म्हणजे आज-उद्या उडणारे. पाणी मात्र असं, की प्यावंसं वाटेल.

बाई ट्रेवर वाकल्या. "पण हे पाणी तर स्वच्छ आहे!" त्या म्हणाल्या. "फिल्ममध्ये तर..." आणि थांबल्या.

"फिल्ममध्ये माझी आई आहे," मी म्हणाले. "आणि तुमच्या स्वयंपाकघरात चार तास उभी राहायची ती माझी बहीण. तिला इथे चावलं. सकाळी, तुमच्या पोळ्या करताना."

आता कोणी म्हणेल, तिला चाळीतही चावलं असेल. असेल. चाळीत अळ्या सापडत नाहीत असं मी म्हणत नाही, मीच शोधून काढते. पण तिला ताप आला त्या आठवड्यात मी आमची पूर्ण चाळ दोनदा तपासली होती आणि एकाही घरात अळी नव्हती. हे सगळं मी तिथे बोलले. सेक्रेटरी म्हणाले, "फ्लॅट नंबर नका ना लिहू, मॅडम. सोसायटीचं नाव खराब होतं." मी काही बोलायच्या आत साहेबांनी पेन काढलं आणि नंबर लिहिला. साहेबांच्या भांडण टाळण्याचा माझा सगळा राग त्या दिवशी गेला.

एका बाटलीतलं पाणी मी झाकणाच्या डबीत घेतलं आणि दुपारी ठाण्याला गेले. दिग्दर्शकाचं ऑफिस नौपाड्यात, खाली चष्म्याचं दुकान, वर हे. तो खुर्चीतून उठला. "या मॅडम, पाणी घेणार?"

मी डबी टेबलावर ठेवली. "हे घ्या."

त्याने उजेडात धरून बघितली. बराच वेळ बघितली. "हे खरंच डेंग्यूचे?"

"हो. टॉवरमधले. सातवा मजला. माझी बहीण हॉस्पिटलात आहे."

तो खरंच हादरला. बसा म्हणाला, सॉरी म्हणाला, कुठलं हॉस्पिटल विचारलं. मग डबीकडे बघत, जणू स्वतःशीच, म्हणाला, "पण हेच तर ना. कॅमेऱ्यावर हे काहीच दिसत नाही. स्वच्छ पाणी बघून माणसाला बरं वाटतं."

तेव्हा मी ओरडले. बाहेरच्या खोलीतली मुलगी दारात येऊन उभी राहिली एवढं ओरडले. "दिसत नाही म्हणून तर लोक मरतात! ते दाखवायला तुम्हाला बोलावलं होतं ना? काळं पाणी तर आंधळ्यालाही वासाने कळतं, त्याला फिल्म कशाला लागते? आणि माझी आई तिकडे बाकावर बसलीय, तिला वाटतंय तिनेच पोरीला आजारी पाडलं. हे दिसतं का तुमच्या कॅमेऱ्यावर?"

मी जिना उतरून रस्त्यावर आल्यावर रडले.

पुढच्या रविवारी तो मोहन्याला आला, एकटाच. बहीण तेव्हा घरी आली होती, भिंतीला टेकून भात खात होती. तो आईसमोर जमिनीवर बसला. "आजी, ते पाणी आम्ही काळं केलं होतं. तुमचं पिंप स्वच्छ होतं. माझी चूक झाली."

आई म्हणाली, "मला माहितीय बाळा. मी तिथेच होते ना."

"हो, पण तुम्हाला वाईट वाटलं म्हणून..."

"मग ते लोकांना सांग की," आई म्हणाली. "मला काय सांगतोस?"

आईने त्याला पोहे दिले, त्याने ते खाल्ले, आणि गेला. फिल्म सगळीकडे वाटून झालीय, आता परत घेता येत नाही, असं त्याने जाताना मला हळू आवाजात सांगितलं. ते त्याला आईसमोर बोलता आलं नाही.

बहीण बरी व्हायला दीड महिना गेला. केस मुठीमुठीने गळले, गुडघे अजून दुखतात. टॉवरमधल्या बाईंचा फोन आला, कधी येतेस म्हणून. हिने विचारलं, "गेटवर तपासणी सगळ्यांची होणार, की फक्त आमचीच?" पलीकडून फोन ठेवला गेला. आता ती एका पाळणाघरात स्वयंपाक करते. पिंप मी नवीन आणून दिलं. आई ते भरते, पण दिवसातून चार-पाच वेळा फडकं सोडून आत बघते. मी कितीही सांगितलं तरी बघते.

यंदा त्याच संस्थेने दुसरी फिल्म काढली. मला पत्र आलं, की आपल्या सूचनांचा समावेश केला आहे. बघितली. डास आता मादी आहे. तिला लिपस्टिक लावलीय, हातात पर्स दिलीय, आणि ती नवऱ्यावर खेकसते. चावते दिवसा, एवढं मात्र बरोबर. पाणी काळंच आहे. म्हणजे मी सांगितलं त्यातलं एक जसंच्या तसं घेतलं, दुसऱ्याचा विनोद केला आणि तिसरं, जे सगळ्यात महत्त्वाचं, ते सोडून दिलं. लोक हसतात.

माझ्याबरोबरच्या बायका म्हणतात, सोड ना आता, वर्ष झालं. मी सोडत नाही. गेल्या आठवड्यात डोंबिवलीतल्या एका शाळेत फिल्म दाखवायला गेलेले. पडदा लावण्याआधी मी मुलांना दोन ट्रे दाखवले. एकात मातीचं गढूळ पाणी, एकात नितळ. विचारलं, कुठलं घाण? सगळ्यांनी गढूळवर बोटं दाखवली. मग मी एकेकाला पुढे बोलावून नितळ पाण्यात नीट बघायला लावलं, अळ्या दिसेपर्यंत. वेळ लागत होता. मुलं किंचाळत होती, रांग मोडत होती.

शिक्षिका म्हणाल्या, "मॅडम, तास संपत आला. फिल्म लावा ना, मुलांना फिल्मच आवडते."

"लावते," मी म्हणाले. "अजून सोळा मुलं राहिलीत." आणि पुढच्या मुलीला हाक मारली.